थुंकी नव्हे, बेडका!

‘थुंकीची तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे टीबी नाही’ हे तुमच्या टीबीवरच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. बावीस वर्षं लॅबमध्ये स्लाइड रंगवल्यात, म्हणून कळकळीने लिहितेय. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू सापडायला एक मिलीलिटर बेडक्यात साधारण ५,००० ते १०,००० जंतू तरी लागतात. कमी असले तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो, आजार मात्र तसाच राहतो. पेशंट डबीत नुसती लाळ देतात, तिथेच अर्धी तपासणी वाया जाते. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला घट्ट बेडका हवा. हे समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात, पण गर्दीत तेवढंही कुणी सांगत नाही.

जंतू दिसावेत म्हणून काचेच्या स्लाइडवर पसरलेला बेडका रंगवण्याची झील-नील्सन पद्धत लेखात एका ओळीत उरकलीय. कार्बोल फ्युक्सिन हा लाल रंग घालून स्लाइड खालून तापवायची, वाफ दिसली पाहिजे पण उकळी नको. मग ॲसिडने धुवायची. बाकी सगळ्याचा रंग उतरतो, टीबीच्या जंतूचा उतरत नाही, कारण त्याच्या भिंतीत मेणासारखा थर असतो. शेवटी मेथिलीन ब्लू हा निळा रंग. निळ्या पार्श्वभूमीवर त्या बारीक लाल काड्या दिसल्या की आजही पोटात कालवतं.

लक्षणं असतील तर निगेटिव्ह स्लाइडवर थांबू नका. सीबीनॅट, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रावरची तपासणी, करून घ्या. दोनेक तासांत निदान होतं आणि रिफॅम्पिसिन हे टीबीवरचं मुख्य औषध लागू पडेल की नाही, तेही कळतं.