पार्टीची लेव्हल वाढली म्हणून कुलूप कडक होत नाही

डीएनडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं खेळवायचा गोष्टीचा गेम) खेळणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतोय, नवीन डीएम (गेम चालवणारे) लोक तर डोळे झाकून पुढे ढकलतायत. सल्ला असा की पार्टीची (प्लेयर्सच्या पात्रांच्या टोळीची) लेव्हल वाढेल तसा डीसी, म्हणजे काम जमायला २० बाजूंचा फासा अधिक पात्राचा बोनस मिळून गाठायचा आकडा, वाढवत न्या, प्रत्येक रोलला साधारण ६५ टक्के चान्स राहील असं बघा, आणि आकडा प्लेयर्सना कधीच सांगू नका, म्हणजे गेम फेअर राहतो. ऐकायला तिन्ही गोष्टी शहाण्या वाटतात, टेबलावर तिन्ही घोळ घालतात. मी फिफ्थ एडिशनचे २०१४ चे नियम धरून बोलतोय.

"लेव्हलप्रमाणे डीसी वाढवा, नाहीतर चॅलेंज राहत नाही."

प्लेयर्स हँडबुकमध्ये साधं कुलूप १० गोल्डला मिळतं आणि ते उघडायचा डीसी १५ आहे, समोर कोण उभंय यावर तो बदलत नाही. आता पहिल्या लेव्हलची रोग क्लासवाली (चोरछाप पात्र) घ्या, डेक्स्टेरिटी (चपळाई) १६ म्हणजे +३, कुलूप उघडायच्या टूल्समध्ये एक्सपर्टीज (खास प्रावीण्य) म्हणजे +४, एकूण +७. तिला ८ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे बरोबर ६५ टक्के. तीच बाई ४८,००० एक्सपी (अनुभवाचे गुण) गोळा करून नवव्या लेव्हलला पोचली, डेक्स्टेरिटी २० केली, आता तिच्याकडे +१३ आहे आणि तेच कुलूप फक्त १ पडला तरच अडतं. इथे सल्लेबाज म्हणणार, बोअर झालं, डीसी २१ करा. करा की! परत ६५ टक्के. मग एवढ्या लेव्हल्स चढून बिचारीने कमावलं काय?

आणि खरा फटका तिला बसतच नाही, तो बाकीच्यांना बसतो. गोदामावर साधा पहारेकरी उभा आहे, मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये त्याचं पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता धरलेली नजर, लपणाऱ्याला तेवढा आकडा गाठावा लागतो) १२ आहे. पार्टीतल्या क्लेरिकची (पुजारी पात्राची) डेक्स्टेरिटी १०, स्टेल्थ (लपूनछपून जाणं) शिकलेला नाही, जड चिलखत काढून ठेवलंय असं धरू, तर त्याला ४५ टक्के चान्स आहे, म्हणजे जाऊन बघण्यासारखं आहे. आता रोगला "चॅलेंज" हवं म्हणून तुम्ही १२ चे २१ केलेत की क्लेरिकला २० पडले तरी तो पकडला जाणार, आणि त्या पहारेकऱ्याची नजर अचानक घारीची का झाली याचं उत्तर तुमच्याकडे नसणार. एका प्लेयरला घाम फोडायला दुसऱ्याला गेममधूनच बाहेर काढलंत की हो.

बोअर होतं हे खरंय, नाही म्हणत नाही. पण मग तो रोल मागूच नका. "कुलूप उघडलं, पुढे काय?" एवढं म्हणा आणि मोकळे व्हा. खरोखर अवघड पाहिजे असेल तर खरोखर अवघड वस्तू आणा, एखाद्या बड्या सावकाराची तिजोरी, डीसी २५, आणि ती पहिल्या लेव्हलला दिसली तरी २५ च. पार्टी तेव्हा हात हलवत परत जाईल आणि काही महिन्यांनी मुद्दाम परत येईल, यात जी मजा आहे ती सरकत्या डीसीत येत नाही.

"पाथफाइंडरमध्ये तर लेव्हलचा तक्ताच आहे."

आहे ना. पाथफाइंडर या डीएनडीसारख्या दुसऱ्या गेमच्या सेकंड एडिशनमध्ये पहिल्या लेव्हलला डीसी १५, दहाव्या लेव्हलला २७ असा तक्ता आहे, पण ती लेव्हल समोरच्या प्राण्याची, सापळ्याची किंवा मंत्राची असते, पार्टीची नाही. सल्लेबाजांनी तक्ता वाचला, वरचा परिच्छेद सोडला.

"६५ टक्के म्हणजे फेअर."

एका रोलला असेल. चौघांनी मिळून त्याच गोदामात शिरायचंय, प्रत्येकाला ६५ टक्के दिलेत आणि एक जरी फसला तरी बोंब, तर चौघं सुखरूप आत जायचा चान्स १८ टक्क्यांच्या आसपास येतो. डीएमला वाटतं मी सोपं ठेवलं होतं, प्लेयर्सना वाटतं हा आपल्याला मारायलाच बसलाय, आणि आपापल्या जागी दोघांचं बरोबर असतं. त्यापेक्षा पुस्तकातला ग्रुप चेक वापरा, निम्मे पास तर सगळे पास, की तेच ६५ वाले चौघं ८७ टक्क्यांवर जातात. डीसीला हातही लावला नाही! रोल किती वेळा मागताय आणि एकाच्या चुकीने किती बिघडतं, फेअर-अनफेअर बहुतेक तिथेच ठरतं. दर दहा पावलांवर "परत स्टेल्थ टाका" म्हणणाऱ्या डीएमने डीसी १० ठेवला तरी कोणी ना कोणी पकडलं जाणारच.

"डीसी सांगितला की थरार जातो."

कॉल ऑफ कथुलू हा भयकथांचा गेम १९८१ पासून चाललाय, त्यात प्लेयरच्या शीटवर टक्केच लिहिलेले असतात, घाम तरीही फुटतो. ब्लेड्स इन द डार्क या चोरांच्या गेममध्ये तर फासे टाकायच्या आधी धोका किती आणि फायदा किती हे बोलून घ्यायचं असतं, नाही पटलं तर प्लेयर बेत बदलू शकतो. भिंतीसमोर उभ्या माणसाला ती ओली आहे, धरायला खाचा कमी आहेत हे दिसतंय ना? मग "डीसी २०, चुकलात तर खाली खंदक" एवढं सांगायला काय जातं? उलट न सांगता १७ पडल्यावर "अं... नाही जमलं" म्हटलंत की समोरच्याला शंका येतेच की आकडा आत्ता ठरला.

इनसाइटला (समोरच्याच्या मनातलं ओळखायच्या रोलला) मात्र आकडा लपवा, तिथे समोरचा खोटं बोलतोय का हे कॅरेक्टरलाही माहीत नसतं. रोलही स्क्रीनमागे (डीएमच्या आडोशामागे) तुम्हीच टाका, कारण फाशावर २ पडलेला दिसल्यावर "तो खरं बोलतोय असं वाटतं" या वाक्यावर टेबलावरचा एकही जण विश्वास ठेवत नाही.