जुना स्पंज पिळल्याने समुद्री टाकी तयार होत नाही

मरीन टँकसाठी, म्हणजे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी, जैविक फिल्टर कसा निवडावा, याचे चार सोपे नियम सांगणारा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरत आहे. तो वाचून माझ्या भाच्याने क्लाउनफिशची जोडी आणण्याची तयारी चालवली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिला नियम सर्वांत घातक आहे: गोड्या पाण्याच्या जुन्या टाकीतला स्पंज नव्या समुद्री टाकीत पिळावा आणि त्याच दिवशी मासे सोडावेत, कारण ‘जिवाणू शेवटी जिवाणूच’. माशांच्या विष्ठेतून व कल्ल्यांतून सुटणाऱ्या अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू हाच जैविक फिल्टरचा प्राण असतो, हे खरे. परंतु दोन्ही पाण्यांत ते एकच नसतात. होव्हानेक आणि डीलाँग या संशोधकांनी १९९६ मध्ये ‘अप्लाइड अँड एन्व्हायर्न्मेंटल मायक्रोबायोलॉजी’ या नियतकालिकात दाखवून दिले, की खाऱ्या टाक्यांमध्ये एकूण जिवाणूंच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंत आढळणारा नायट्रोसोमोनास हा अमोनिया बदलणाऱ्या जिवाणूंचा गट गोड्या पाण्याच्या बहुतेक टाक्यांमध्ये सापडलाच नाही. शिवाय समुद्री टाकीचा सामू (पीएच) ८.२ च्या आसपास ठेवावा लागतो आणि तिथे अमोनियाचा विषारी अंश ७ सामूच्या पाण्यापेक्षा दहापटीच्या घरात जातो. म्हणजे जिथे चूक सर्वांत महाग पडते, तिथेच हा संदेश घाई करायला सांगतो. मासे न सोडता बाहेरून थोडा अमोनिया घालावा, आणि तो व नायट्राइट दोन्ही चाचणीत शून्यावर येईपर्यंत थांबावे. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. निरोगी समुद्री टाकीतले माध्यम, म्हणजे फिल्टरमधले जिवाणू वसलेले साहित्य, मिळाले तर हा काळ कमी होतो, आणि पिळण्याची एवढीच हौस असेल तर तिथला स्पंज पिळावा.

माध्यम दर आठवड्याला नळाखाली धुण्याच्या सल्ल्यावर फार लिहिण्यासारखे नाही. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच असते. कचरा अडवणारा कापूस खुशाल धुवावा. जैविक माध्यम मात्र पाणी बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात हलकेच बुचकळावे.

बायोबॉल (जिवाणू वसण्यासाठीचे प्लॅस्टिकचे जाळीदार गोळे) असले की लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला समुद्री सच्छिद्र दगड) लागत नाही, हे विधान नाइलाजाने अर्धे मान्य करतो. केवळ मासे ठेवायचे असतील आणि पाणी नियमित बदलण्याची तयारी असेल, तर बायोबॉल पुरतात. मात्र ते नायट्रेटपाशी थांबतात. सच्छिद्र दगडाच्या आत, जिथे प्राणवायू जेमतेम पोहोचतो, तिथले जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. प्रवाळ ठेवायचे असतील तर हा फरक जाणवतोच.

राहिला मालवणच्या समुद्रातून पोवळ्याचे दगड उचलून आणण्याचा सल्ला. सर्व खडकाळ प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. बाजारात मिळणारा सुका किंवा कृत्रिम सच्छिद्र दगड घेतला, तरी त्यावर तेच जिवाणू वसतात. फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो.