ऑस्कर आणि पंधरा किलो वांगी

माझ्या उजव्या अंगठ्याचा ठसा मोबाइल अजून ओळखत नाही. आज आठवा दिवस. दर वेळी मोबाइल थरथरतो आणि 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतो, जसा काही मी दुसऱ्याचा फोन उघडतोय.

थोडक्यात सांगतो. २२ जानेवारी २०२६ च्या संध्याकाळी, यावल तालुक्यातल्या सासुरवाडीच्या मळ्यात, चाळीस माणसांच्या भरीत पार्टीची पंधरा किलो वांगी मी सोलली. एकट्यानं. चटके बसत असताना. त्या घरचा थोरला जावई असून. कारण एवढंच की ऑस्करच्या अ‍ॅनिमेशनपटांच्या शर्यतीतून कोणता सिनेमा गळणार, हे मला सांगता आलं नाही आणि आप्पांना आलं. आप्पांनी उभ्या आयुष्यात एकही अ‍ॅनिमेशनपट पाहिलेला नाही.

मी मात्र दहा-बारा वर्षं हा उद्योग मन लावून करतोय. नोव्हेंबर लागला की माझी वही निघते. फ्रान्समधल्या आनसीच्या महोत्सवात काय झालं, गोल्डन ग्लोबला कोण आहे, फक्त अ‍ॅनिमेशनच्या अ‍ॅनी पुरस्कारांत कोण पुढं, ब्रिटिश अकादमीचा कल कुठं, सगळे रकाने आखलेले. ही म्हणते, एवढा रकाना लाइटबिलाचा ठेवला असता तर दंड भरावा लागला नसता. गेल्या वर्षी माझ्या वहीप्रमाणं 'द वाइल्ड रोबॉट'च जिंकणार होता, त्याला नऊ अ‍ॅनी मिळाले होते. हिनं भाजी निवडता निवडता एकदा स्क्रीनकडं पाहिलं आणि म्हणाली, मांजर जिंकेल. लॅटव्हियाचा 'फ्लो'. अख्ख्या सिनेमात एक संवाद नाही, आणि बनवला कशावर तर ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. मांजर जिंकलं. त्या दिवसापासून आमच्या घरात कुठल्याही वादात 'मांजर' एवढा एकच शब्द उच्चारला जातो आणि वाद संपतो.

तर यंदा मी सावध होतो. गोल्डन ग्लोबवाल्यांनी सहा नावं घेतली होती: 'आर्को', 'डीमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल', 'एलिओ', 'के-पॉप डीमन हंटर्स', 'लिटल अमेली' आणि 'झुटोपिया २'. ऑस्करला जागा पाच. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच, की सहातला पडणार कोण. माझा हिशेब साफ होता. 'एलिओ' पडणार. पिक्सार स्टुडिओच्या इतिहासात पहिल्या शनिवार-रविवारी इतकी कमी कमाई दुसऱ्या कुठल्याच सिनेमाची झाली नव्हती. उलट 'डीमन स्लेयर' जगभर धो धो चाललेला. हे मी पऱ्हाट्यांच्या जाळापाशी बसून मेव्हण्याच्या मुलाला समजावून सांगत होतो. नामांकनं अमेरिकेत सकाळी साडेआठला, म्हणजे आपल्याकडं संध्याकाळी सातला जाहीर होणार होती. पोरगं बारावीला आहे, त्याला रस होता. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय निवडणूक हे जवाईबापू?"

आप्पा म्हणजे हिचे चुलते. गावच्या विकास सोसायटीवर पंचवीस वर्षं त्यांचं पॅनेल. स्वतः उभे राहत नाहीत, उभे करतात. डोक्याला मफलर, अंगात स्वेटर, त्यावर बंडी, आणि हातात उलथायला घेतलेली लांब काडी. त्या काडीनं ते वांग्यालाही फिरवतात आणि माणसालाही. त्यांच्या बोलण्यात 'ळ' या अक्षराला प्रवेश नाही. केळीच्या पट्ट्यात राहून जन्मभर 'केयी' म्हणत आलेत.

"निवडणूक नाही आप्पा, ऑस्कर. अ‍ॅनिमेशनचे सिनेमे."

"कार्टून?"

इथं मी श्वास घेतला. हा शब्द मी सासुरवाडीत सोळा वर्षं ऐकतोय. 'जवाई बँकेत हे, पन कार्टून पाहतो.' पाव्हण्यांना माझी ओळख अशी करून देतात, जसं 'माणूस चांगला, पण जरा फिट येते' असं सांगावं.

"मतदार किती?" आप्पांनी टोपलं पालथं घालून बैठक मारली.

शेवटच्या फेरीला दहा हजारांच्या आसपास, मी म्हणालो. नामांकनाला अ‍ॅनिमेशन शाखेचे लोक, शिवाय बाकीच्या शाखांतले, ज्यांनी स्वतःहून नाव नोंदवलं ते.

"अन् हे लोक सिनेमा पाहता का?"

"यंदापासून सक्ती केलीय. शेवटच्या फेरीत ज्या विभागाला मत द्यायचं, त्यातले सगळे सिनेमे पाहिलेलेच पाहिजेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये नियम आला."

"यंदापासून." आप्पांनी काडी जमिनीवर टेकवली. "अन् आतापर्यंत?"

मी गप्प.

"कितवं साल हे?"

"अठ्ठ्याण्णवावं."

"मंजे सत्त्याण्णव साल न पाह्यताच?"

जाळाभोवती दहा-बारा जण होते, सगळे माझ्याकडं बघायला लागले. जणू ते सत्त्याण्णव वर्षांचं बोगस मतदान मी करवलं होतं. मी म्हणालो, नाही, बरेच जण पाहायचे, पण बंधन नव्हतं. आता ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या स्वतःच्या ॲपवर पाहिला की नोंद होते. बाहेर थेटरात, महोत्सवात पाहिला असेल तर फॉर्म भरून सांगायचं, कुठं आणि कधी पाहिला ते.

"आन तो फॉर्म कोन तपासतं?"

मी पुन्हा गप्प.

"ई-पीक पाहणी!" आप्पांनी मांडीवर थाप मारली. "बांधावर जा, फोटो काढा, मीच सांगतो माह्या वावरात काय हे. बरं, आता मले नावं सांगा."

मी सांगितली. एकेका सिनेमाची माहिती आप्पांनी अशी काढून घेतली की आमच्या बँकेत कर्जदाराची कुणी तशी घेतली असती तर थकबाकीच राहिली नसती. झुटोपिया? धंदा जोरात, पहिला भाग जिंकलेला. "घ्या." के-पॉप? घरोघरी पाहिला, नेटफ्लिक्सवर त्याच्याइतका कुठलाच सिनेमा पाहिला गेला नाही, पोरापोरांच्या तोंडी गाणी. "पोरांचं मत घरच्यांले फिरवतं. घ्या." आर्को आणि अमेली? दोन्ही फ्रेंच; आनसीला एकाला पहिला पुरस्कार, दुसऱ्याला प्रेक्षकांचा. "दोन्ही एकाच गावचे? मंग भांडन नको, दोन्ही घ्या."

"एलिओ?"

"पिक्सारचा. पण पडला आप्पा, वाईट पडला."

"पिक्सार मंजे?"

मी सांगितलं की हा पुरस्कार २००२ पासून देतात, आजवर चोवीस वेळा दिला, त्यात अकरा वेळा एकट्या पिक्सारनं नेला.

आप्पा माझ्याकडं कीव केल्यासारखं बघत राहिले. "चोईसातून अकरा. अन् तुमी म्हनता त्याले जागा नई देनार? जवाईबापू, घरानं पडलं तरी पॅनेलात एक जागा घरान्याले सोडाच लागते. नई त पुढच्या वर्सी गावात राह्यचं कसं?"

"पण डीमन स्लेयर? केवढा चाललाय!"

"गोष्ट काय त्याची?"

"ती मोठी आहे. हा तीन भागांतला पहिला."

"मंजे पुरी नई?"

"नाही, पुढं दोन भाग आहेत."

"मंग तो पडला," आप्पा म्हणाले आणि काडीनं एक वांगं अल्लद उलटं केलं. "कच्चं वांगं पंगतीत कोन वाढतं?"

लोक हसले. माझ्या मेव्हण्यानं तर शिट्टी मारली. त्याच तिरीमिरीत माझ्या तोंडून निघून गेलं की लावा पैज. आप्पा म्हणाले, लावा. हारला तो वांगी सोलीन. मी लगेच हो म्हणालो, कारण पंचाहत्तरीच्या माणसाला वांगी सोलायला लावणं बरं दिसणार नाही, तेव्हा जिंकल्यावर मोठ्या मनानं माफ करायचं, हेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं होतं.

सात वाजायच्या आत आणखी एक प्रकरण झालं. मेव्हण्यानं विचारलं, आपला 'महावतार नरसिंह' आहे ना त्यात? मी म्हणालो, नोव्हेंबरात अकादमीनं पात्र ठरलेल्या पस्तीस सिनेमांची यादी काढली, त्यात होता. पण पाचात येणं अवघड आहे. झालं. मी एवढं 'अवघड आहे' म्हणालो, आणि चार माणसांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की खांब फुटून बाहेर येईल की काय अशी मलाच धास्ती वाटली. पुन्हा आप्पाच धावून आले. "पस्तिसात होता ना? मंजे अर्ज वैध ठरला. परदेशातल्या निवडनुकीत आपला अर्ज वैध ठरतो हे काय कमी हे?" त्यावर सगळे खूश. माझंच वाक्य, फक्त उलटं करून. सोळा वर्षं मी या घरात बोलतोय, आणि सोळा वर्षं माझी वाक्यं आप्पांच्या तोंडून पास होतात.

सात वाजता मेव्हण्याच्या मुलानं मोबाइल केळीच्या खोडाला टेकवून उभा केला. नावं इंग्रजी वर्णानुक्रमानं वाचतात. हे मला माहीत होतं, इतर कुणाला नव्हतं. त्यामुळं 'आर्को' म्हटल्यावर लगोलग 'एलिओ' ऐकू आलं तेव्हा सगळे पुढची नावं ऐकत होते, आणि मी एकटाच 'डी' मागं राहिलं हे ओळखून वांग्यांच्या ढिगाकडं पाहत होतो. फार ज्ञान असलं की माणूस इतरांपेक्षा दहा सेकंद आधी हरतो.

आता सोलणं. ज्यांनी भरीत फक्त ताटात पाहिलंय त्यांच्यासाठी सांगतो. आपली भरताची वांगी हिरवट-पांढरी, एकेक नवजात बाळाच्या वजनाला स्पर्धा देणारं. जाळातून काढलं की वरून कोळसा आणि आतून लाव्हा. डाव्या हातानं देठ धरायचं, उजव्या अंगठ्यानं काळी साल ओढायची. साल निघते, पण एकटी निघत नाही, खाली एक वाफेची पुंगळी वाट बघत असते ती बोटावर येते. पाण्यात हात बुडवला तर आप्पा लांबून ओरडतात, "पानी नको लावजा, चव जाते!" देठ मोडला तर बायका हसतात. सोललेलं वांगं लाकडी बडगीत टाकायचं, तिथं मुसळीनं ठेचायला दोन पोरं बसलेली. ती पोरं माझ्यापेक्षा जोरात काम करत होती, त्यामुळं मला थांबताही येईना. मध्येच एक पाव्हणा माझ्याकडं बघून सासऱ्यांना हळूच विचारून गेला, आचारी कुठला आणला?

जामातो दशमग्रह म्हणतात ना? तो ग्रह त्या रात्री कोपरापर्यंत काजळलेला, नाक खाजवायलाही मोकळा नव्हता.

पण मला राग त्याचा नाही. खरं सांगू, राग त्या 'कार्टून'चा आहे. आणि तो फक्त आप्पांवर काढण्यात अर्थ नाही, अकादमीचं तरी वेगळं काय आहे? १९३९ मध्ये डिस्नीला 'स्नो व्हाइट'साठी मानाचा पुरस्कार दिला तो कसा, तर एक मोठी बाहुली आणि सात छोट्या. बुटके सात म्हणून. लोक टाळ्या वाजवतात या गोष्टीला. मला तर आपल्या लग्नातला आहेर आठवतो, मोठ्याला फेटा आणि मागच्यांना टॉवेल-टोपी. २०२२ च्या सोहळ्यात याच विभागाचा पुरस्कार द्यायला तीन नट्या आल्या आणि सांगू लागल्या की हे सिनेमे पोरं पुन्हा पुन्हा बघतात आणि आईबापांना ते सोसावं लागतं. पुरस्कार देताना! माणसं चार-पाच वर्षं एकेका चौकटीवर मान मोडून बसतात, आणि हे म्हणतात सोसावं लागतं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मोठ्या यादीत आजवर अ‍ॅनिमेशनचे फक्त तीन सिनेमे पोचले: 'ब्यूटी अँड द बीस्ट', 'अप' आणि 'टॉय स्टोरी ३'. बाकीच्यांना हा वेगळा विभाग. आपल्याकडं लग्नात लेकरांची पंगत आधी उठवतात, ती काही लेकरांवरच्या मायेनं नाही, नंतर मोठ्यांना निवांत जेवता यावं म्हणून.

हे सगळं मी त्या रात्री बोललो. सोलत सोलत, बऱ्यापैकी मोठ्यानं. शेवटच्या वाक्याला आवाज जरा चढलाही असेल. सगळे शांत झाले. बडगीतलं ठेचणंही थांबलं. आप्पा उठून माझ्याजवळ आले, मला वाटलं पाठीवर हात ठेवतील.

"जवाईबापू, बोलता बोलता देठ बडगीत चालले. देठ वेगये ठेवजा, लोक चोखता."

भरीत मात्र, खोटं कशाला बोलू, अप्रतिम झालं होतं. लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेल, केळीच्या पानावर कळण्याच्या पुऱ्यांबरोबर. मला पुरी तोडता येत नव्हती. हिनं तोडून दिली. सगळ्यांसमोर.

काल आप्पांचा फोन आला. मोठा निकाल कधी, विचारत होते. १५ मार्च त्यांचा, म्हणजे आपला १६, सोमवार, पहाटे. आप्पा म्हणाले, मंग बरं पडलं, त्याच आठवड्यात बिबड्यांचा घाटा घालायचा हे. ज्यांनी ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या पापडांचा, घाटा कधी हलवलेला नाही त्यांना एवढंच सांगतो, की त्यापुढं वांगी सोलणं म्हणजे बागेत फिरणं. तो गदागदा उकळतो, अंगावर उडतो, आणि थांबलात की बुडाला लागतो.

"मी पोरांचं पॅनेल घेतलं," आप्पा म्हणाले. "ते गान्याचं, के-पॉप. तुमचं?"

गोल्डन ग्लोब त्यालाच मिळालाय. माझ्या वहीतही के-पॉपच आहे. पण आप्पांनी घेतल्यावर मी तेच नाव कोणत्या तोंडानं घेणार? मी म्हणालो, झुटोपिया.

फोन ठेवला तर ही दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. काहीच बोलली नाही. फक्त किराण्याच्या यादीत खाली काहीतरी लिहिलं. नंतर बघितलं तर ज्वारी दहा किलो, पापडखार, आणि त्याखाली स्वयंपाकाचे जाड हातमोजे, एक जोड.