आराखडा विकत मिळत नाही

‘जर्मनीत बिल्डरने पैसे मोजले की नगरपालिका हवा तसा आराखडा करून देते’ हे लेखातलं वाक्य पटलं नाही. तिथल्या बांधकाम संहितेचं कलम १च सांगतं की आराखड्यावर, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधता येईल हे ठरवणाऱ्या नियोजनावर, कुणाचा हक्क नाही, करारानेही तो हक्क निर्माण होत नाही. कलम ११ खाली नगरपालिकेला करार करून बिल्डरकडे रस्ते, पाळणाघर, स्वस्त घरं मागता येतात, पण वाजवी प्रमाणातच. म्युनिकने तर १९९४ पासून शिस्तच लावली आहे: आराखड्यामुळे जमिनीची जी किंमत वाढते, तिचा किमान एक तृतीयांश वाटा मालकाकडे राहतो, उरलेल्यातून शाळा-बालवाड्यांचा खर्च. खरी मेख कलम १२ मध्ये, म्हणजे एखाद्या ठरावीक प्रकल्पासाठीच केलेल्या आराखड्याच्या नियमात. ठरल्या मुदतीत प्रकल्प उभा राहिला नाही तर नगरपालिकेने आराखडा रद्द करायचा, आणि त्याबद्दल गुंतवणूकदाराला भरपाईही मागता येत नाही! लेखात याचा उल्लेखही नाही.