बेस जरा कमी कर ना!

ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्याला जन्मभर दोन वाक्यं ऐकावी लागतात. गायिका मागे वळून म्हणते, "अरे, बेस जरा कमी कर ना." आणि शेवटच्या रांगेतून आयोजक धावत येतात, "अहो, बेस ऐकूच येत नाहीये!" दोन्ही तक्रारी एकाच मुखड्यात येऊ शकतात, आणि वैताग असा की दोन्ही खऱ्या असतात. बेसवाल्याला मात्र स्वतःला सोडून बाकी सगळे ऐकू येत असतात.

यावर मंडळी एक ठरलेलं शास्त्र सांगतात: बेसची लाट लांब असते, ती पूर्ण व्हायला जागा लागते, म्हणून जवळ ऐकू येत नाही. लाट लांब असते हे खरं. खालच्या ई तारेचा सूर 41 हर्ट्झचा आणि त्याची एक लाट आठ मीटरहून थोडी मोठी. पण तिला जागा लागत असती, तर हेडफोनमध्ये बेस कधीच ऐकू आला नसता. खरे गुन्हेगार दोन: मागची भिंत आणि आपले गुडघे.

आधी भिंत. खालचे सूर स्पीकरमधून फक्त पुढे जात नाहीत, चहूकडे पसरतात. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो, आणि जाऊन येऊन अर्ध्या लाटेचा उशीर झाला की पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो. अ‍ॅम्प (आवाज वाढवणारं यंत्र आणि त्याचा स्पीकर) भिंतीपासून दोन मीटर पुढे ठेवला तर हा घोळ 41-43 हर्ट्झला होतो, म्हणजे नेमकी मोकळी ई तार अशक्त. एक मीटरवर ठेवला तर 86 च्या आसपास, म्हणजे डी तारेवरचा तिसऱ्या पट्टीचा (फ्रेटचा) एफ. त्यामुळे अ‍ॅम्प भिंतीला जवळजवळ चिकटवावा, वीतभर अंतर पुरे. कोपऱ्यात मात्र ढकलू नये. तिथे दोन भिंती आणि जमीन मिळून बेस इतका फुगवतात की गायिकेचं पहिलं वाक्य आलंच म्हणून समजा. मांडवात भिंत म्हणजे कापड, आणि खालच्या सुरांच्या लेखी कापड नसतंच. तिथे अंतराचा विचार सोडा आणि साउंडवाल्याशी गोड बोला.

आता गुडघे. बेस ओळखू येतो तो त्याच्या मधल्या सुरांमुळे, आणि हे मधले सूर स्पीकरमधून बऱ्यापैकी सरळ रेषेत जातात. जमिनीवरच्या स्पीकरच्या पेटीतून ते आपल्या पोटऱ्यांना ऐकू येतात. आपण आवाज वाढवतो, पोटऱ्या खूश होतात आणि तीन मीटर पुढे उभ्या गायिकेच्या पाठीत सगळा माल जातो. उपाय फुकट आहे: अ‍ॅम्प भक्कम खुर्चीवर किंवा क्रेटवर ठेवा, किंवा मागे कलता करून तोंड कानाकडे करा. पोकळ लाकडी स्टेजवर याचा आणखी एक फायदा होतो, फळ्या घुमायच्या थांबतात. दोन पेट्या असतील तर शेजारी शेजारी न ठेवता एकावर एक रचा. शेजारी ठेवल्या की डावीकडच्याला एक आवाज, उजवीकडच्याला दुसरा, आणि मधल्या ढोलकीवाल्याला तिसराच.

एवढं झालं की मग अ‍ॅम्प विकत घ्यायला जावं. दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा पाहिजे?" इथेच निम्मे लोक फसतात. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतका. कानाला ढोबळमानाने दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणजे 300 वॅटवाल्या मित्राला जळवायला तुम्ही 500 चा आणलात, तर त्याला ते सांगावं लागेल. शिवाय अ‍ॅम्पवर छापलेला वॅटचा आकडा लग्नाच्या बायोडेटातल्या पगारासारखा असतो: खोटा नसतो, पण बोनस धरून सांगितलेला असतो. "500 वॅट" म्हणजे बहुतेक वेळा 4 ओहमला (स्पीकर विजेला करतो तो विरोध ओहममध्ये मोजतात) 500. तुम्ही 8 ओहमची एकच पेटी जोडलीत तर हातात पडतात 300 च्या आसपास. त्यापेक्षा पेटीची सेन्सिटिव्हिटी विचारा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये ती किती आवाज काढते ते. 3 डेसिबलने जास्त असलेली पेटी तुमचे वॅट दुप्पट केल्याचं काम करते, आणि त्याचं वीजबिल येत नाही.

ओहमचं गणित न करता जोडाजोडी करणारे शूर असतात, पण त्यांचे अ‍ॅम्प नसतात. 8 ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की 4 ओहम होतात, उत्तम. 8 आणि 4 जोडल्या की 2.67. 4 आणि 4 जोडल्या की 2. आजच्या बहुतेक हेडच्या (स्पीकर नसलेल्या सुट्या अ‍ॅम्पच्या) मागे "किमान 4 ओहम" लिहिलेलं असतं आणि त्याखाली गेलात की ते तापून संरक्षणासाठी स्वतःच बंद होतं, शक्यतो लावणीच्या ऐन रंगात. म्हणून माझा आग्रह असा: पहिली पेटी 8 ओहमचीच घ्या. पुढे ऐपत वाढली की तशीच दुसरी. पहिलीच 4 ओहमची घेतलीत तर बहुतेक हेडवर दुसरीचा रस्ता बंद. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पचं दुखणं उलटं: त्याला स्पीकर न जोडता चालू केलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. असा अ‍ॅम्प भाड्याने मिळाला तर आधी स्पीकर, मग बटण.

किती मोठा घ्यायचा? भावगीत-गझलच्या कार्यक्रमाला 100 वॅटचा, एका 12 इंची स्पीकरचा कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) भरपूर. खरा ड्रमसेट असेल तर 300 ते 500 वॅटचं क्लास-डी (आजकालच्या हलक्या जातीचं) हेड आणि 10 इंची दोन स्पीकरची, किंवा 12 इंची एका चांगल्या स्पीकरची पेटी. फक्त ऑक्टोपॅड असेल तर खरं म्हणजे अ‍ॅम्पच नको. प्रीअ‍ॅम्प-डीआयचं पेडल (बेस थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडणारं) आणि स्टेजवरचा एक मॉनिटर स्पीकर यावर काम भागतं. पाच तारांचा बेस असेल तर खालचा बी 31 हर्ट्झचा. तो छोट्या पेटीतून नीट निघत नाही, 62 चा निघतो आणि खालचं मेंदू भरून काढतो. श्रोत्यांना कळत नाही. तुम्हीही सांगू नका.

आणि वजन! याबद्दल कंपन्या बारीक अक्षरात लिहितात आणि पाठीचा मणका ठळक अक्षरात. 1969 साली अँपेग या अमेरिकन कंपनीने एसव्हीटी हा बेसचा अ‍ॅम्प काढला: व्हॉल्व्हचे 300 वॅट, नुसतं हेड 35 किलोंच्या वर, सोबतची दहा इंची आठ स्पीकरची पेटी साधारण 63 किलो. दिसायला देखणी, ऐकायला त्याहून. पण ती बनली मोठमोठ्या मैदानी कार्यक्रमांसाठी आणि ती उचलायला वेगळी माणसं असणाऱ्यांसाठी. आपल्याकडे वेगळी माणसं म्हणजे रिक्षावाला, आणि तो उतरतसुद्धा नाही. आज क्लास-डीचं हेड दोन-तीन किलोंचं येतं, बेसच्याच पिशवीच्या कप्प्यात मावतं, आणि निओडिमियम चुंबकाची 12 इंची पेटी बारा-पंधरा किलोंत. लोकलच्या लगेजच्या डब्यात ती कुणाच्या पायावर न पडता उभी राहते. जुन्या लोहचुंबकाची, चार स्पीकरची, चाळीस किलोंची पेटी स्वस्तात मिळतेय म्हणून घेणाऱ्याने आधी स्वतःच्या इमारतीत लिफ्ट आहे का ते पाहावं, मग हाडांचा डॉक्टर किती लांब आहे ते.

टोनबद्दल एकच भांडण करतो. दुकानात एकट्याने वाजवताना खालचं वर, वरचं वर आणि मधलं खाली केलं की अंगावर काटा येतो. तेच सेटिंग बँडमध्ये नेलं की बेस नाहीसा होतो. खालचा भाग किक ड्रम खातो, वरचा झांजा खातात आणि उरलेलं कीबोर्डवाल्याचा डावा हात. सगळी बटणं मध्यावर ठेवून सुरुवात करा. घुमत असेल तर 200-250 हर्ट्झ थोडं कापा. ऐकू येत नसेल तर खालचं वाढवायचा मोह आवरून 700-800 ला 3 डेसिबल द्या. हायपास फिल्टर (ठरावीक सुराखालचं सगळं कापणारा) असेल तर चार तारांना 35-40 वर लावा. कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताला फिल्टर निघालेला नाही, तिथे चहा पाजूनच विनंती करावी लागते.

प्रेक्षकांना ऐकू येतो तो बेस बहुतेक ठिकाणी तुमच्या अ‍ॅम्पमधून येतच नाही. तो डीआयमधून, साउंडवाल्याच्या मिक्सरवरून, मोठ्या स्पीकरमधून येतो. अ‍ॅम्पच्या मागे 'प्री/पोस्ट' असं छोटं बटण असतं, ते 'प्री'वर ठेवा. 'पोस्ट'वर असेल तर तुम्ही स्वतःसाठी बटण फिरवलं की हॉलभर फरक पडतो आणि साउंडवाले दादा खुर्चीतून उठून तुमच्याकडे बघतात. म्यूट दाबल्यावर डीआय बंद होतो की चालू राहतो, हेही आधीच पाहून ठेवा. मध्यंतरात तारा लावताना सभागृहाला ती मैफल नको असते. वेगळा डीआय बॉक्स असेल तर साधा नियम: बॅटरी नसलेल्या बेसला अ‍ॅक्टिव्ह डीआय, बॅटरीवाल्याला पॅसिव्ह (वीज न लागणारा) चालतो.

मग येतो तो घूंऽऽऽ. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि ई तारेवर तिसऱ्या पट्टीचा जी 49 चा. म्हणजे आपल्याकडचा मांडव मुळातच जी मध्ये गुणगुणत असतो, तोही किंचित चढा. शोधायची पद्धत अशी. आधी बेसचा आवाज शून्य करा. घूं गेला तर दोष पिकअपचा (तारांचा कंप टिपणाऱ्या भागाचा) किंवा दिव्यांच्या डिमरचा. जॅझ बेस (दोन पिकअपचा बेस) असेल तर दोन्ही पिकअप सारखे उघडा, बराच कमी होतो. नाही गेला तर डीआयची वायर काढून बघा. आता गेला, तर तो ग्राउंड लूप (अर्थिंगला दोन वाटा मिळाल्याने होणारा), 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढून घूं घालवणारे वायरमन प्रत्येक मांडवात भेटतात. त्यांना हात जोडून लांब ठेवा, कारण त्यानंतर एक हात तारांवर आणि ओठ माइकला अशा अवस्थेत अर्थिंगचं काम तुम्हाला करावं लागतं. इथे मी विनोद करत नाही. पिशवीत साधा मल्टिमीटर ठेवा: फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थ भलतंच काही दाखवत असेल तर त्या बोर्डाला अर्थ नाही, दोन्ही अर्थांनी.

वायरींचा एक नियम. हेडपासून पेटीपर्यंत जाणारी वायर ही स्पीकरचीच हवी, जाड दोन तारांची, शक्यतो स्पीकॉनची (फिरवून अडकणाऱ्या प्लगची). गिटारची वायर दिसते तशीच आणि जॅकही तोच, पण आतली तार केसाएवढी. 300 वॅट तिच्यातून गेले की ती तापते, वितळते आणि शॉर्ट होते. लाल टेप गुंडाळून दोन्ही वेगळ्या ओळखू येतील असं करा, कारण सामान लावायला मदत करणारा उत्साही पुतण्या सगळीकडे असतो.

उघड्यावर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे, त्यामुळे आवराआवर घाईतच होते. तरी क्रम सोडू नका: मास्टर शून्यावर, बटण बंद, मग वायरी. वायरींतही बॅटरीवाल्या बेसमधला जॅक आधी उपटा, तो आत राहिला की 9 व्होल्टची बॅटरी रात्रभर जळते आणि पुढच्या कार्यक्रमात आवाज फाटायला लागतो. वायर कोपरावर पीळ देत गुंडाळू नका, आतली तार तुटते. एक वेढा सरळ, एक उलटा. गायिकेचं सामान म्हणजे टॅब आणि पाण्याची बाटली, त्यामुळे ती तोवर जेवणाच्या रांगेत पोचलेली असते. समाधान एवढंच की ड्रमवाला अजून स्टँडचे नट सोडवत बसलेला असतो.