चिठ्ठी दिली, काम संपलं

आज शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येऊन गेलं. ९४ पोरं, अडीच तास. वजन, उंची, 'जीभ दाखव', चल पुढचा. दुसरीतल्या एका मुलीचा कान वाहतोय. शेजारची पोरं नाक धरून बसतात. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, कार्डावर खूण केली आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. 'ग्रामीण रुग्णालयात पाठवा, गुरुजी.'

कुणी पाठवायचं? कशानं?

माझा डावा कान असाच गेला. चौथीत होतो. तेव्हाही डॉक्टर आले होते, तेव्हाही चिठ्ठीच मिळाली. तालुका २२ किलोमीटर, गेलं की आईचा रोज बुडणार. चिठ्ठी गेली पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाखाली आणि कानात गेलं लसणाचं कोमट तेल. आज कुणी डावीकडून हाक मारली की मी बघत नाही. लोक म्हणतात, गुरुजी शिष्ट झालेत.

हे पथक ज्याचं, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, शाळेत एकदा, पुढचे उपचार मोफत, अगदी ऑपरेशनसुद्धा. हृदयाला भोक असलेलं पोर बरं झालं की पेपरात फोटो येतो. यावाच. पण खरूज, किडका दात, वाहता कान यांचा फोटो कोण काढणार? किरकोळ म्हणे. किरकोळ! ऐकूच येत नाही म्हणून पाढे येत नाहीत, आणि आम्ही शेरा मारतो, 'लक्ष नसते.' मीही मारलाय. याच मुलीला, ऑगस्टमध्ये.

पथकाचंही खरं आहे म्हणा. दोन डॉक्टर, एक गाडी, उद्या दुसरं गाव.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवूनच गेलो होतो. आई नुकतीच कांदालागणीवरून आलेली, कोपरापर्यंत चिखल. 'तेल घालते की रोज, गुरुजी.'

मग काय बोलणार? तेल बंद करा, अंघोळीला कानात पाणी जाऊ देऊ नका, एवढंच सांगून आलो. चिठ्ठी तिला दिली नाही. माझ्याच खिशात आहे.

कानाचे डॉक्टर ग्रामीण रुग्णालयात फक्त गुरुवारी असतात. मी रजा टाकलीय, तिच्या आईचा रोजही बघतो. कुणाची गाडी तालुक्याला जाणार असेल तर सांगा, तिघं आहोत. आठच्या आत निघायचंय, केसपेपरची खिडकी लवकर बंद होते.