एका दाराला दोन कुलपं

आज सकाळी वाडीतली काकी गेली. नव्वदी गाठली होती, त्यामुळे रडारड फारशी नव्हती. पण पाऊस असा की खळ्यातला (अंगणातला) माड दिसेना. स्मशानात शेड नाही (मंजूर आहे, चार वर्षं मंजूरच आहे). म्हणजे मोठी ताडपत्री हवी. ती शिवसेनेच्या शाखेत, आणि शाखेच्या दाराला दोन कुलपं.

२०२२ च्या जूनमध्ये शिंदेंबरोबर सेनेचे आमदार गुवाहाटीला जाऊन बसले, त्यानंतर महिन्याभरात आमच्या अण्णांनी शाखेला स्वतःचं कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी तात्यांनी त्याच कोयंड्यात आपलं अडकवलं. आज अण्णा बाणाचे (शिंदेंकडचे), तात्या मशालीचे (उद्धव ठाकरेंकडचे). सख्खे चुलत भाऊ, मध्ये एक खळं.

भिजत अण्णांकडे गेलो. "आधी तेका काढूक सांग, मगे मी बघतंय." तात्यांकडे गेलो. तेच वाक्य, शब्द न शब्द! मयत पडवीत, आणि मी खळ्यात तीन फेऱ्या मारतोय.

डोकं फिरलं ते तिथे. अरे, या शाखेचे चिरे याच दोघांनी डोक्यावरून वाहिलेत. मुंबईच्या गिरणीतल्या चाकरमान्यांनी पगारातून पैसे पाठवले तेव्हा वर कौलं चढली. आणि १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण कुणाचा ते कसं ठरवलं? आमदार-खासदार मोजून. चिरे वाहणारे कुणी मोजलेच नाहीत. पक्षाची २०१८ ची घटना लोकशाहीची नाही, असंही आयोगच म्हणाला. ते खोटं नाही, मान्य. सगळं एकाच घरातून चालायचं, आणि तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आम्हाला फुटीची सवयही जुनीच. २००५ साली नारायण राणे सेनेतून बाहेर पडले, तेव्हाच्या मालवण पोटनिवडणुकीत आमच्या वाडीतल्या दोन घरांनी एकमेकांकडचं हळदीकुंकू बंद केलं. त्याच वर्षाअखेरीस राज ठाकरे बाहेर पडले. २ जुलै २०२३ ला पवारांकडे काका-पुतण्या. अलिबागला शेकापच्या (शेतकरी कामगार पक्षाच्या) पाटलांकडे भाऊ-भाऊ, एक थेट भाजपात. उत्तर प्रदेशात यादवांचे काका-पुतणे, बिहारात पासवानांचे. दर वेळी भांडण घरातलं, आणि झळ वाडीला.

आता राणेंचंच बघा. वडील भाजपचे खासदार, एक मुलगा भाजपकडून कणकवलीत, दुसरा २०२४ ला बाणावर कुडाळमधून निवडून आला. एका घरात दोन चिन्हं, आणि घर जागच्या जागी! मोठ्यांना ही सोय असते. आमच्याकडे मात्र निष्ठा म्हणतात तिला, आणि तिच्यापायी ताडपत्री मिळत नाही.

अण्णांच्या बाजूनेही एक ओळ लिहितो, नाहीतर पुतण्या फोन करेल. ते तिकडे गेल्यावर वाडीचा रस्ता झाला. झाला, नाही म्हणत नाही.

आणि तात्या? ५ जुलै २०२५ ला वरळीत उद्धव आणि राज एका मंचावर आले, तेव्हा तात्या टीव्हीसमोर ढसाढसा रडले. मीही होतो तिथे, माझाही गळा दाटला, लपवत नाही. मी म्हटलं, आता अण्णांकडे जाऊन येऊया, चहाला. डोळे पुसत म्हणाले, "तेचा नाव घेव नको माझ्याकडे." वरळीतल्या भावांसाठी डोळ्यांत पाणी, आणि समोरचं खळं ओलांडायला पाय उचलत नाही. तेव्हा हसू आलं होतं. आज पडवीत उभा असताना नाही आलं.

अकराच्या सुमारास अण्णांचा नातू आणि तात्यांचा धाकटा, दोघांनी कुणाला न विचारता पहार घातली आणि कोयंडाच उपटला. कुलपं दोन्ही तशीच बंद, एकमेकांत अडकलेली, चिखलात पडली. अण्णा बघत होते, तात्याही. कुणी शब्द काढला नाही. स्मशानात दोघे त्याच ताडपत्रीखाली उभे होते, मध्ये भटजी. काकीने दोघांनाही लहानपणी भरवलंय. तात्यांची छत्री वाऱ्याने उलटली, ती अण्णांनी धरली. सरळ करून परत दिली, तोंड दुसरीकडे करून. काय बोलणार यावर.

बाकी, ताडपत्री उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडली आहे. गणपतीला मुंबईहून कुणी गाडी घेऊन येणार असेल तर नवीन घेऊन या, पैसे देतो. आणि आणलीत तर माझ्या घरी ठेवा. शाखेत नको.